बारा जागा की अठ्ठावीस? आरटीई प्रवेश देणाऱ्या एका खासगी शाळेचे प्रकरण

पार्श्वभूमी

एका वाढत्या शहराला लागून असलेल्या, पण अजून जिल्हा परिषदेच्या हद्दीत मोडणाऱ्या वस्तीत हे प्रकरण घडले. शाळा खासगी, विनाअनुदानित, इंग्रजी माध्यमाची, पहिली ते दहावी. पटावर साधारण १,०४० मुले, वर्षाची फी ४२,००० रुपये. शाळेचे आणि संस्थेचे नाव इथे दिलेले नाही, आणि मुलांची ओळख पटेल असे काहीही ठेवलेले नाही.

शिक्षण हक्क कायदा (आरटीई) २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १२(१)(सी) नुसार अशा शाळेला प्रवेशस्तराच्या वर्गात, त्या वर्गाच्या एकूण संख्येच्या किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्या लागतात. या मुलांची फी पालक भरत नाहीत, सरकार भरते. कलम १२(२) प्रमाणे सरकारचा स्वतःचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळा प्रत्यक्षात घेते ती फी, यातली जी रक्कम कमी असेल ती शाळेला मिळते. महाराष्ट्रात हा दर त्या वेळी वर्षाला १७,६७० रुपये होता. म्हणजे ४२,००० फी असलेल्या या शाळेला एका मुलामागे १७,६७० मिळायचे, आणि उरलेला भार ती स्वतः सोसायची. ही दुसरी बाजू पुढे महत्त्वाची ठरली.

पालकाने शाळा निवडायची आणि पैसे सरकारने द्यायचे, ही व्यवस्था विश्वासावर उभी आहे. जागा किती, फी किती, सरकारने किती मुलांचे पैसे दिले, ती मुले वर्गात आहेत का, हे कुणालाही तपासता आले पाहिजे. कायद्याचीही तीच अपेक्षा आहे. कलम १२(३) शाळेला माहिती द्यायला बांधते. केंद्राच्या २०१० च्या आदर्श नियमांनुसार, शाळेने मान्यतेसाठी भरलेले स्वयंघोषणापत्र शिक्षणाधिकाऱ्याने मिळाल्यापासून १५ दिवसांत सर्वांना पाहता येईल असे ठेवायचे असते. लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी शिक्षणाधिकाऱ्याकडे द्यायचे, ही मान्यतेच्या अटींपैकी एक आहे. राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमानुसार मंजूर फी सूचना फलकावर मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावावी लागते. संकेतस्थळ असेल तर तिथेही टाकावी लागते.

नियम पुरेसे होते. गफलत झाली ती वेगळ्याच ठिकाणी.

अडचण कशी लक्षात आली

२०२३ च्या फेब्रुवारीत आरटीईचे अर्ज सुरू होण्याच्या सुमारास वस्तीतल्या एका आईने आरटीई प्रवेशाच्या सरकारी पोर्टलवर शाळेच्या नावापुढे आकडा पाहिला: १२ जागा. तिचा मोठा मुलगा त्याच शाळेत फी भरून शिकत होता. पहिलीच्या अ, ब, क अशा तीन तुकड्या आहेत आणि एकेका वर्गात पस्तीसच्या वर मुले बसतात, हे तिला पाठ होते. शंभराच्या वर मुलांच्या पहिलीत चौथा हिस्सा बारा कसा होईल?

तिने शाळेच्या कार्यालयात विचारले.

"सर, आरटीईच्या जागा बाराच का?"

"ताई, ते ऑनलाइन येतं. आम्ही काही भरत नाही."

हे उत्तर चुकीचे होते. पोर्टलवरचा आकडा शाळाच नोंदणीच्या वेळी भरते, गटशिक्षणाधिकारी कार्यालय त्याची पडताळणी करते आणि मग तो प्रवेशाच्या सोडतीसाठी, म्हणजे लॉटरीसाठी, धरला जातो. पण लिपिकाने ते मुद्दाम सांगितले असे मानायला आधार नाही. त्याला खरोखरच तसे वाटत असावे, कारण तो दरवर्षी आधीच्या वर्षाचा अर्ज उघडून तेच आकडे पुढे उतरवत होता.

सात पालकांचा गट जमला. त्यात एक निवृत्त लेखापाल होते. त्यांनी सर्वांत आधी यूडायस प्लसवरचा, म्हणजे देशभरच्या शाळांची माहिती ठेवणाऱ्या केंद्राच्या संकेतस्थळावरचा, शाळेचा अहवाल काढला, तो कुणालाही पाहता येतो. त्यात पहिलीची पटसंख्या होती ११२. अकराशे-बाराशे शब्दांची तक्रार लिहिण्याआधी एक अहवाल उघडला, एवढ्यावर निम्मे काम झाले.

जागांचे गणित

इथे बहुतेक तक्रारी चुकतात, म्हणून थोडे थांबून पाहू.

पोर्टलवर शाळेने पहिलीची क्षमता ४८ दाखवली होती. ४८ च्या २५ टक्के १२. प्रत्यक्ष संख्या ११२, तिच्या २५ टक्के २८. फरक १६ जागांचा. इतके सरळ.

पण वर्गात १०० मुले फी भरणारी आणि १२ आरटीईची होती. गटातल्या एकाचे म्हणणे पडले की १०० च्या २५ टक्के म्हणजे २५ जागा मागाव्यात. कायदा मात्र "त्या वर्गाच्या संख्येच्या" २५ टक्के म्हणतो, फी भरणाऱ्यांच्या नव्हे. एकूण वर्ग ११२ चा ठेवायचा तर ८४ फी भरणारी आणि २८ आरटीईची, असा मेळ बसतो. पटकन तपासायचे असेल तर फी भरणाऱ्यांच्या संख्येला तीनने भागावे: ८४ भागिले ३, बरोबर २८. फी भरणाऱ्यांच्याच २५ टक्के धरले तर ८४ वर २१ येतात आणि सात मुलांची जागा निव्वळ हिशेबाच्या चुकीने जाते. तक्रारीत हा आकडा चुकला की शाळेचा वकील पहिला मुद्दा तोच काढतो, आणि उरलेले सगळे खरे असूनही लटके वाटू लागते.

४८ हा आकडा आला कुठून, हे नंतर कागदांत सापडले. शाळेला पहिली मान्यता मिळाली तेव्हा पहिलीची एकच तुकडी होती आणि तिची क्षमता ४८ लिहिली होती. शाळा वाढली, खोल्या वाढल्या, तुकड्या तीन झाल्या. आरटीई नोंदणीतला ४८ तसाच राहिला.

पर्यायांचा विचार

पाच वाटा समोर होत्या आणि त्यावर दोन बैठका झाल्या.

शाळेपुढे आंदोलन करावे आणि वर्तमानपत्राला बोलवावे, असा तरुण पालकांचा आग्रह होता. तो मागे घेतला गेला एका आजीच्या प्रश्नावर. तिची नात आरटीईतून तिसरीत शिकत होती. "उद्या तिला वर्गात कुणी काही बोललं तर तुम्ही तिथे असाल का?" आरटीईची मुले वर्गात ओळखू येऊ नयेत हाच नियमाचा हेतू आहे. बातमीत शाळा आली की मुले आपोआप ओळखली जातात. हा निर्णय योग्य होता, असे आमचे मत आहे.

शिक्षणाधिकाऱ्यांकडे साधी लेखी तक्रार करणे ही दुसरी वाट. दोन वर्षांपूर्वी एका पालकाने ती धरली होती. "शाळेकडून खुलासा मागवण्यात आला आहे" असे उत्तर आले आणि प्रकरण मिटले. कागदाशिवाय तक्रार केली की कार्यालय शाळेलाच विचारते, आणि शाळा तिने भरलेलाच आकडा पुन्हा पाठवते.

तिसरी वाट थेट शाळेकडे माहिती अधिकाराचा अर्ज करण्याची. लेखापालांनी इथे एक छोटा हिशेब मांडला. शाळेने ६१ आरटीई मुलांची प्रतिपूर्ती, म्हणजे सरकारकडून मिळायची फीची रक्कम, मागितली असेल तर रक्कम १०,७७,८७० रुपये. फी भरणाऱ्या सुमारे ९८० मुलांकडून येणारी रक्कम ४ कोटी ११ लाखांच्या पुढे. म्हणजे सरकारचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(एच) मध्ये खासगी संस्था "सार्वजनिक प्राधिकरण" ठरायची तर सरकारचे अर्थसाहाय्य लक्षणीय असावे लागते. थलपालम सहकारी बँकेच्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे निकष कडक ठेवले. २०१९ च्या डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या निकालात ते काहीसे मोकळे केले, पण अडीच टक्क्यांवर तिथेही भिस्त ठेवता येत नाही. या मुद्द्यावर वाद घालणे म्हणजे वर्षभर माहिती आयोगाच्या खेपा.

चौथी वाट मात्र सरळ होती. त्याच कायद्याच्या कलम २(एफ) नुसार, एखाद्या खासगी संस्थेची जी माहिती सरकारी कार्यालयाला दुसऱ्या कोणत्याही कायद्याखाली मिळवता येते, तीही "माहिती"च असते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १२(३) शिक्षण कार्यालयाला नेमका तो अधिकार देते. म्हणून अर्ज शाळेकडे न करता गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करायचा. शाळा सार्वजनिक प्राधिकरण आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

उच्च न्यायालयात जनहित याचिका हा पाचवा पर्याय हाताशी ठेवला, वापरला नाही.

प्रत्यक्ष कार्यवाही

गटाने फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अर्ज दिला तो चुकीचा. साडेतीन पानांचा. "शाळेच्या आरटीईविषयी संपूर्ण माहिती द्यावी" अशी सुरुवात, मग जागा, फी, प्रतिपूर्ती, मुलांची नावे, शिक्षकांची पात्रता, इमारत. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द अशी मर्यादा आहे. २६ व्या दिवशी त्याच कारणाने अर्ज फेटाळल्याचे पत्र आले. तोवर सोडतीची तयारी सुरू झाली होती.

मार्चअखेर तीन स्वतंत्र अर्ज गेले. प्रत्येकावर १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, प्रत्येकी एक विषय, सव्वाशे शब्दांच्या आत:

१. मागील तीन वर्षांत या शाळेने भरलेले आरटीई नोंदणी अर्ज आणि त्यांवरील कार्यालयाचे पडताळणी अहवाल.

२. मागील तीन वर्षांत या शाळेसाठी प्रतिपूर्ती मंजूर झालेल्या मुलांची इयत्तानिहाय संख्या (नावे नकोत), मंजूर रक्कम आणि रक्कम अदा केल्याच्या तारखा.

३. शुल्क विनियमन अधिनियमाखाली शाळेने सादर केलेले मंजूर शुल्काचे तक्ते आणि पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची यादी.

दुसऱ्या अर्जातले "नावे नकोत" हे दोन शब्द मुद्दाम घातले, फेटाळल्या गेलेल्या अर्जात नावेही मागितली होती. नावे मागितली की खासगी माहितीचे कारण पुढे येते, आणि ते रास्तही असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलम ८(१)(जे) बदलले असल्याने यापुढे तर नावांवर अर्ज हमखास अडेल. जागांचा आणि पैशांचा हिशेब तपासायला नावे लागतच नाहीत, संख्या पुरतात.

या तिघांतल्या पहिल्या अर्जाचे उत्तर २८ व्या दिवशी मिळाले. १४ पाने, २ रुपये पानाप्रमाणे २८ रुपये. तिन्ही वर्षांच्या पडताळणी अहवालांवर एकाच हातचे एकच वाक्य होते: "प्रत्यक्ष भेट दिली. माहिती बरोबर आहे." खाली विस्तार अधिकाऱ्यांची सही. एका वर्षीच्या अहवालावर भेटीची तारीख रविवारची होती. ती कॅलेंडरवर लावून पाहिली तेव्हा लेखापाल थोडा वेळ काही बोलले नाहीत. सुटीच्या दिवशी वर्ग मोजले कसे जातील?

तिसऱ्या अर्जाचे उत्तर एका ओळीचे: "सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही." गटातल्या काहींना हे अपयश वाटले. खरे तर तीन अर्जांतले हे सर्वांत वजनदार उत्तर. माहिती उपलब्ध नाही याचा अर्थ, शाळेने मंजूर फीचा तक्ता कधी पाठवलेला नाही आणि कार्यालयाने तो कधी मागितलेला नाही. असे पत्र जपून ठेवावे, पुढे ते पुरावा म्हणून लागते.

दुसऱ्या अर्जावर नकार आला. कार्यालयाने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ११ खाली शाळेचे म्हणणे मागवले होते आणि शाळेने "व्यावसायिक गोपनीयता" असे लिहून दिले होते. गटाने २० रुपयांचा स्टॅम्प लावून ३० दिवसांच्या आत प्रथम अपील केले. मुद्दा एकच: तिजोरीतून दिलेली रक्कम हे कुणाचे व्यापारी गुपित असू शकत नाही, उलट अनुदान कार्यक्रमांतील रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कलम ४(१)(बी) खाली कार्यालयाने न मागता प्रसिद्ध करायचा आहे. जूनअखेरच्या सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी माहिती देण्याचा आदेश दिला. जुलैत कागद हाती आले.

आता चार आकडे पहिल्यांदा एका कागदावर आले. यूडायसवरची पटसंख्या, पोर्टलवरची क्षमता, प्रतिपूर्ती मागितलेल्या मुलांची संख्या आणि फी. एकेक आकडा कुठे ना कुठे नोंदलेला होताच, पण एक दिल्लीच्या संकेतस्थळावर, एक राज्याच्या पोर्टलवर, एक कार्यालयाच्या फायलीत आणि एक शाळेच्या कपाटात. शेजारी ठेवले की ते एकमेकांशी बोलतात. या प्रकरणात कुणी काही लपवून ठेवले होते असे नाही, कुणी जुळवून पाहिले नव्हते.

जुळवल्यावर आणखी एक तफावत निघाली. २०२२-२३ ची प्रतिपूर्ती ६१ मुलांसाठी मागितली होती. पालकांच्या माहितीप्रमाणे सात मुले वर्षाच्या सुरुवातीलाच शाळा सोडून गेली होती. कामासाठी कुटुंबे स्थलांतरित झाली, दाखले नेले, पण प्रतिपूर्तीच्या यादीतून नावे निघाली नाहीत. सात मुलांचे १,२३,६९० रुपये.

जुलैअखेर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे तक्रार दाखल झाली, प्रत राज्य बालहक्क आयोगाला. तक्रार दीड पानाची. सोबत चार आकड्यांचा तक्ता, यूडायसचा अहवाल, १४ पाने, "उपलब्ध नाही"चे पत्र आणि अकरा चिठ्ठ्यांच्या छायाप्रती.

चिठ्ठ्यांचे असे: आरटीईच्या पालकांकडून दरवर्षी पुस्तके, गणवेश आणि "ॲक्टिव्हिटी" म्हणून ९,८०० रुपये घेतले जात. पावती पुस्तकातली पावती नव्हे, फिक्या गुलाबी कागदाचा हाताएवढा तुकडा, त्यावर बॉलपेनने मुलाचे नाव, "ॲक्टि. ९,८००" आणि एक आडवी रेघ. क्रमांक नाही, शिक्का नाही. केंद्राच्या आदर्श नियमांनुसार या मुलांना पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत मिळायला हवेत. तो खर्च शाळेने करायचा की सरकारने, यावर शाळा आणि शासन यांच्यात जुने भांडण आहे. पालकाने करायचा नाही, याबद्दल मात्र दुमत नसावे.

शाळेची बाजू

सुनावणीत मुख्याध्यापिकांनी आपल्याकडची फाइल उघडली. शाळेला दोन वर्षांची प्रतिपूर्ती मिळालीच नव्हती आणि त्याआधीच्या वर्षाची अर्धी आली होती. दुसऱ्या अर्जाच्या उत्तरातल्या तारखांशी हे ताडून पाहिले तेव्हा ते खरे निघाले. ४२,००० च्या जागी १७,६७० आणि तेही वेळेवर नाहीत. "आम्ही काही चोरलं नाही. सरकारने आमचे पैसे दिले असते तर पुस्तकांचे पैसे आम्ही घेतले नसते," असे त्या म्हणाल्या.

पालकांनी या म्हणण्याला विरोध केला नाही, आणि प्रकरण इथे वळले. गटाने लेखी दिले की शाळेच्या थकीत प्रतिपूर्तीचा तपशीलही कार्यालयाने प्रसिद्ध करावा. पारदर्शकता फक्त शाळेकडून मागायची आणि सरकारने किती दिले, कधी दिले हे झाकून ठेवायचे, हे न्यायाचे नाही. या पत्रानंतर शाळेने हजेरीपट तपासायला विरोध सोडला.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. थकबाकी खरी असली तरी तिची वसुली गरीब पालकाकडून गुलाबी चिठ्ठीवर करता येत नाही, आणि १६ मुलांच्या जागा दाखवायच्याच नाहीत, याचाही तिच्याशी संबंध नाही.

निष्पत्ती

ऑगस्टमध्ये दोन विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख शाळेत आले. या वेळी त्यांनी वर्गावर्गात जाऊन डोकी मोजली, हजेरीपट आणि जनरल रजिस्टर समोर ठेवले. पहिलीत त्या दिवशी १०७ हजर, पटावर ११२. पडताळणी कशी करावी याचा हा साधा नमुना: हजेरीपट, रजिस्टर आणि प्रत्यक्ष डोकी, तिन्ही एकाच दिवशी.

शिक्षणाधिकाऱ्यांच्या आदेशात चार गोष्टी होत्या. पुढच्या नोंदणीत पहिलीची क्षमता ११२ धरून २८ जागा. सात मुलांचे १,२३,६९० रुपये थकीत प्रतिपूर्तीतून वळते करणे. चिठ्ठ्यांवर घेतलेले पैसे परत करणे. आणि प्रवेशद्वाराजवळ कायमचा फलक: मंजूर फी, पहिलीची एकूण संख्या, आरटीई जागा, भरलेल्या जागा, मिळालेली आणि थकीत प्रतिपूर्ती.

पैसे परत मिळाले ३१ कुटुंबांना, ज्यांच्याकडे चिठ्ठी किंवा ऑनलाइन भरणा दिसत होता. उरलेल्यांनी रोख दिले होते आणि कागदाचा तुकडा हरवला होता.

२०२३-२४ च्या १६ जागा परत आल्या नाहीत. सोडत होऊन गेली होती.

मग मध्येच राज्यातला नियमच बदलला. ९ फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्क्यांच्या अटीतून वगळले. या शाळेपासून जिल्हा परिषदेची शाळा ६०० मीटरवर होती, म्हणजे मिळवलेल्या २८ जागा एका अधिसूचनेने शून्य झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी तिला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची आव्हाने फेटाळली. २८ जागा परतल्या, पण तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता आणि काही पालकांनी मुले दुसरीकडे घातली होती. त्या वर्षी २२ जागा भरल्या, सहा रिकाम्या राहिल्या.

निर्णयाचे क्षण आणि काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी चूक वेळेची. नोंदणी साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत होते आणि पडताळणी लगेच. आकड्यावर आक्षेप घ्यायचा तर सोडतीपूर्वीच. माहितीसाठी ३० दिवस, नकार आला तर अपिलाला आणखी दीड-दोन महिने, कलम ३२ च्या तक्रारीवर निर्णयाला तीन महिने. उलटे मोजले तर अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये जायला हवा, जागा दिसल्यावर फेब्रुवारीत नव्हे. यूडायसचा मागच्या वर्षीचा अहवाल तेव्हा उपलब्ध असतोच, नव्या नोंदणीची वाट पाहायचे कारण नाही.

दुसरे, पहिल्या अर्जाआधी कुणीतरी राज्याचे नियम वाचायला हवे होते. २६ दिवस तिथेच गेले.

तिसरे, पैशांच्या चिठ्ठ्या पहिल्या दिवसापासून गोळा करायच्या होत्या. ऑगस्टमध्ये विचारले तेव्हा अनेक घरांत त्या केराबरोबर गेल्या होत्या. मोबाइलने फोटो काढून एका ठिकाणी ठेवणे एवढेच काम होते.

शाळेकडे पाहिले तर तिची चूक पहिल्या वर्षीच टळली असती. नोंदणी अर्ज भरताना लिपिकाने जुना अर्ज न उघडता यूडायसचा पहिलीचा आकडा समोर ठेवायचा आणि दोन्हींवर मुख्याध्यापकांची सही घ्यायची. दाखला नेलेल्या मुलाचे नाव त्याच दिवशी प्रतिपूर्तीच्या यादीतून काढायचे. दाखल्याच्या स्थळप्रतीवर "आरटीई, यादीतून वगळले" असा रकाना छापून घेतला तर विसरायचा प्रश्न नाही. आता ही शाळा तेच करते.

कार्यालयाने काय बदलावे हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याकडे पाहिले की उमगते. मिलवॉकीत १९९० पासून सरकार खासगी शाळांत शिकणाऱ्या मुलांचे पैसे भरते. तिथे सप्टेंबरचा तिसरा शुक्रवार आणि जानेवारीचा दुसरा शुक्रवार हे मोजणीचे ठरलेले दिवस आहेत. त्या दिवसांची संख्या बाहेरचा लेखापरीक्षक तपासतो आणि पैसे त्यावर ठरतात. शाळेला वार्षिक हिशेबाचे लेखापरीक्षणही राज्याला द्यावे लागते आणि कोणत्या शाळेत किती मुले आहेत हे राज्य प्रसिद्ध करते. आपल्याकडे कायद्यात मोजणीचा अधिकार आहे, दिवस ठरलेला नाही. तो ठरला असता तर रविवारच्या भेटीचा अहवाल लिहिण्याची वेळच आली नसती.

एक प्रश्न गटाने विचारलाच नाही, आणि तो सुनावणीनंतर सुचला. कलम १२(२) च्या परंतुकाप्रमाणे, शाळेला जमीन किंवा इमारत सरकारकडून मोफत वा सवलतीत मिळाली असेल आणि त्या बदल्यात काही मुलांना मोफत शिकवण्याचे बंधन असेल, तर तेवढ्या मुलांची प्रतिपूर्ती मिळत नाही. शाळेच्या भूखंडाच्या सात-बारावर मूळ मालक कोण होते आणि वाटपपत्रात कोणती अट होती, हे पाहायला भूमी अभिलेख आणि वाटप करणारे प्राधिकरण अशा दोन ठिकाणी अर्ज करावा लागतो. ते दोन अर्ज, प्रत्येकी एका विषयाचे आणि १५० शब्दांच्या आतले, गटाने पुढच्या नोंदणीच्या सहा महिने आधी दाखल केले.

फलक अजून दाराशी आहे. पाच ओळींचा, पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत, आकड्यांच्या जागी काळी पाटी बसवलेली आणि खडूने दर जूनमध्ये बदलायची सोय. "भरलेल्या जागा" या ओळीपुढे पहिल्या वर्षी २२ लिहिले होते. शेजारी "रिक्त ६" लिहायला जागा नव्हती, ती पुढच्या वर्षी पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत ठरावाने करून घेतली.